खारं पाणी, कूलर आणि बाष्पीभवन: दोष नेमका कशाचा?

नागपूरच्या बेसा भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात बोअरचं पाणी, टीडीएस (म्हणजे विरघळलेले एकूण क्षार) मीटर लिटरला ११०० मिलिग्रॅम दाखवतो. तीन उन्हाळ्यांपूर्वी घेतलेला मोठा लोखंडी कूलर यंदा एप्रिलपासूनच नुसती कोमट हवा फेकतोय. नववीतली मुलगी म्हणते, पाण्यात क्षार विरघळले की बाष्पीभवन मंदावतं, म्हणून कूलर थंड करत नाही. घरच्यांचं मत, आरओचं पाणी टाकून बघा. शेजारच्या काकू सांगतात, टाकीत मूठभर मीठ टाका, हवा गार होते. यातलं खरं कोणाचं? शिवाय मुलीला शाळेसाठी याच विषयावर प्रयोग करायचा आहे, तो कसा करावा?

माझं काम बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांमधल्या कूलिंग टॉवरच्या आणि बॉयलरच्या पाण्याचं. घरच्या कूलरशी धंद्याचा संबंध नाही, पण उन्हाळा लागला की नातेवाईक आणि कॉलनीतले लोक हाच विषय काढतात, त्यामुळे उत्तर तयार असतं. ताई, तुमची मुलगी नियम बरोबर सांगते. फक्त तो नियम तुमच्या कूलरला लावून काही हाती लागत नाही. क्षारांमुळे बाष्पीभवन कमी होतं हे खरं, पण बोअरच्या पाण्यात ते इतकं थोडं कमी होतं की घरातल्या कोणत्याही साधनाने मोजता येणार नाही. तुमचा कूलर बिघडवलाय तो क्षारांनीच, पण वेगळ्या वाटेने.

आधी नियम बघू. उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत हवेत जात असतात, आणि हवेतले काही रेणू सतत पाण्यात परत येत असतात. जाणारे जास्त आणि येणारे कमी, तर पाणी आटतं. जाण्याचा जोर किती हे पाण्याचा बाष्पदाब सांगतो, येण्याचा जोर हवेतल्या बाष्पावर ठरतो. पाण्यात मीठ, साखर, युरिया असं काहीही न उडणारं विरघळलं की जाणाऱ्यांचा जोर थोडा उतरतो. येणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही. म्हणून बाकी उरणारं बाष्पीभवन कमी होतं.

हा जोर किती उतरतो, हे फ्रान्समधल्या ग्रनोबलचे रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा-मारी राउल यांनी १८८० च्या दशकात मोजून दाखवलं. विरळ द्रावणात बाष्पदाब किती घटतो हे एकूण कणांमध्ये परक्या कणांचा वाटा किती यावर ठरतं. कण कसले आहेत याला जवळपास महत्त्व नाही, किती आहेत याला आहे. मिठाचा एक घटक पाण्यात गेला की सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतात. साखरेचा रेणू एकच राहतो आणि तोही वजनाने जड. त्यामुळे वजनाला वजन घेतलं तर मिठाचा परिणाम साखरेच्या कितीतरी पट होतो.

बऱ्याच ठिकाणी असं शिकवतात की मिठाचे कण पृष्ठभागावर जागा अडवून बसतात, म्हणून पाण्याला बाहेर पडायला वाट कमी मिळते. चित्र समजायला सोपं आहे, पण मला ते पटत नाही. सोडियमसारखे आयन उलट अगदी वरच्या थरापासून लांबच राहतात, त्यांना चहूबाजूंनी पाणी हवं असतं. मिसळलेल्या अवस्थेतल्या पाण्याची बाहेर पडण्याची ओढच कमी असते, आणि ही गोष्ट सगळ्या द्रावणाची आहे, नुसत्या वरच्या पापुद्र्याची नाही. मुलीने प्रकल्पात हे लिहिलं तर बाईंना कदाचित वेगळं वाटेल, पण लिहावं.

आता तुमच्या ११०० चा हिशेब. एक लिटर पाण्यात पाण्याचे ५५.५ मोल असतात (मोल हे कण मोजायचं एकक). ११०० मिलिग्रॅम म्हणजे १.१ ग्रॅम. ते सगळं मीठच आहे असं धरलं तर कण होतात साधारण ०.०३८ मोल. भागाकार केला की येतं ०.०७ टक्के. म्हणजे दहा हजारांत सात. पण आपल्या बोअरमध्ये नुसतं मीठ कुठे असतं? नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेकडे जुना नीस खडक. अशा जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर असतात. ते मिठापेक्षा जड, म्हणून तेवढ्याच वजनात कण कमी. तसं धरलं तर उत्तर दहा हजारांत चारच्या आसपास येतं. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातलं ५००० टीडीएसचं पाणी घेतलं, आणि ते सगळं मीठच धरलं, तरी घट ०.३ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

एक गोष्ट जाता जाता. तो पेनासारखा टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतो आणि ठरलेल्या आकड्याने गुणून तुम्हाला पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, दाखवतो. त्यामुळे ११०० हा अंदाज समजा. शिवाय त्यातलं किती काठिण्य, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, आणि किती साधं मीठ, हे त्याला अजिबात कळत नाही. तुमच्या कूलरसाठी नेमकं तेच कळायला हवं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात; एकूण काठिण्यासाठी हेच आकडे २०० आणि ६००. काठिण्य प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या, खर्च फार नसतो.

आता हे ०.०७ टक्के कूलरमध्ये कसे दिसतील? मे महिन्यातली दुपार घ्या, तापमान ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के, नवतप्यात आपल्याकडे असते तशी. अशा हवेचं वेट बल्ब तापमान साधारण २३ अंश येतं. पाणी उडवून हवा जास्तीत जास्त तितकी गार करता येते, त्याखाली कोणताही कूलर जाऊ शकत नाही. तुमच्या बोअरच्या क्षारांनी हा तळ किती वर सरकतो? अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. टाकीत थेट समुद्राचं पाणी ओतलं असतं, ज्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात आणि बाष्पदाब दोन टक्क्यांनी कमी असतो, तरी तो तळ पाव अंशानेच सरकला असता. एवढा फरक अंगाला कळत नाही. समुद्रकाठच्या कित्येक वीजकेंद्रांचे कूलिंग टॉवर समुद्राच्या पाण्यावरच चालतात, थोडे मोठे बांधावे लागतात इतकंच.

मोठा कूलर अशा दुपारी तासाला २० लिटरच्या आसपास पाणी उडवतो. आकडा जास्त वाटत असेल तर टाकी भरून घड्याळ लावून बघा. विरघळलेल्या क्षारांमुळे त्यात घट पडेल ती तासाला जेमतेम चमचा-दीड चमचा.

पण त्याच २० लिटरची दुसरी बाजू बघा. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. लिटरला १.१ ग्रॅम धरले तर तासाला २२ ग्रॅम क्षार मागे राहिले. दिवसाला दहा तास कूलर चालला तर २२० ग्रॅम, म्हणजे पाव किलोला थोडं कमी. एप्रिल, मे आणि अर्धा जून मिळून पंधरा किलोच्या वर. हे सगळं कुठे जातं? टाकी रिकामी करून धुतली तर त्यातलं बरंचसं मोरीत जातं. फ्लोट बॉलवर पाणी आपोआप भरत राहिलं आणि टाकीकडे कोणी पाहिलंच नाही, तर ते टाकीत, पंपात, वरच्या पाइपच्या भोकांत आणि पॅडवर बसतं.

टाकीत ६० लिटर पाणी मावतं असं धरा. रोज २०० लिटर उडालं आणि तेवढंच नवीन आलं, तर पहिल्याच दिवशी क्षार चारपटीच्या वर जातात. पाच दिवस टाकी न उपसता चालवली तर हिशेबाने १७-१८ पट. गंमत बघा, तरीही बाष्पदाबातली घट टक्काभरच येते. म्हणजे खारटपणाने बाष्पीभवन मंदावतं हे कारण इथेही लंगडंच आहे. पण कॅल्शियमचं काय होतं? ते एवढं विरघळून राहूच शकत नाही. पाणी पॅडवरून ओघळताना हवेला लागतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तिथल्या तिथे बसतं. पातेल्यात पाणी उकळल्यावर बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच पदार्थ.

असा पॅड मी कॉलनीतल्या एका कूलरमधून काढून बघितला होता. हनीकॉम्ब पॅड, म्हणजे तो जाड पुठ्ठ्यासारखा, आरपार नळ्या असलेला. खालचा भाग तपकिरी, भिजलेला, ठीकठाक. वरच्या वितभर भागात नळ्यांची तोंडं पांढऱ्या पपडीने अर्ध्याहून जास्त बुजलेली. बोटाने दाबलं तर पापडासारखा कडकन तुटला. पाणी सोडणाऱ्या वरच्या पाइपला ओळीने भोकं होती, त्यातली मधली तीन-चार पूर्ण बंद. त्यामुळे मध्ये हातभर रुंदीचा पट्टा कोरडाच राहत होता. कूलर बाहेरून बघितला तर पाणी पडतंय, पंखा फिरतोय, सगळं छान दिसतं. पण हवेला जिथे अडथळा कमी तिथून ती जाते, आणि कोरड्या पट्ट्यातून आलेली हवा बाहेरच्याइतकीच तापलेली असते. ती गार हवेत मिसळली की झाला कोमट वारा.

याचा आकडा काढा म्हणजे कळेल. चांगला ओला पॅड हवा आणि वेट बल्ब यांच्यातल्या अंतराचा सुमारे तीन चतुर्थांश पल्ला गाठतो. ४५ आणि २३ मधलं अंतर २२, त्याचे पाऊण म्हणजे साडेसोळा, म्हणून घरात हवा येते २८-२९ अंशांची. पॅड बुजून, कोरडे पट्टे पडून कार्यक्षमता निम्म्यावर आली की तीच हवा ३४ अंशांची. पाच-सहा अंशांचा फटका. विरघळलेल्या क्षारांचा फटका अंशाचा शंभरावा भाग, आणि त्याच क्षारांचा थर बसल्यावरचा फटका पाच अंश. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

माठाचंही असंच होतं. नवा माठ पहिल्या उन्हाळ्यात पाणी कसं गार करतो, आणि तोच माठ पुढच्या वर्षी आळशी होतो. पाणी मातीच्या छिद्रांतून झिरपून बाहेरच्या अंगाला येतं, तिथे उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. क्षार मात्र बाहेरच्या तोंडाशी, छिद्रांतच अडकतात. बाहेरून पांढुरकी झाक दिसायला लागली की समजावं, झिरपा कमी झालाय. पाण्याचा गुण तोच आहे, वाट बुजली आहे. शेतातल्या खारवट काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात पांढरी पपडी धरते, तीही खालच्या ओलाव्याचं बाष्पीभवन अशीच रोखते.

आता काकूंचं मीठ. ही समजूत नागपुरात फार जुनी, आणि तिचं मूळ मला वाटतं आइस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये आहे. बर्फात खडेमीठ घातलं की मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण तिथे काम करतो बर्फ. मिठामुळे तो शून्याखालीही वितळू लागतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढतो. कूलरच्या टाकीत बर्फच नाही, तर मीठ कशाला वितळवणार? उलट बाष्पीभवनाला ते किंचित मारकच, आणि लोखंडी टाकीला तर पक्कं मारक. जस्ताचा मुलामा लवकर खाऊन टाकतं. काकूंना वाईट न वाटू देता सांगायचं कसं, ते तुम्ही बघा.

बर्फाच्या लाद्या टाकणारेही आहेत. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. एक लिटर पाणी उडताना साधारण २४३० किलोज्यूल घेतं, सातपट. तासाला २० लिटर उडवणाऱ्या यंत्रात दहा रुपयांचा बर्फ टाकून दहा मिनिटं बरं वाटतं, त्यापलीकडे काही नाही. तुरटीचंही तसंच. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला क्षार जात नाही.

आरओचं पाणी टाकावं का? टाकलं तर पॅडवर थर जवळपास बसणार नाही, हे खरं. पण तासाला २० लिटर आरओचं पाणी कुठून आणणार? घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकून देतं. आपल्या भागात उन्हाळ्यात बोअर आटतात, तिथे हे परवडणारं नाही आणि शोभणारंही नाही. पेंच किंवा कन्हानचं नळाचं पाणी येत असेल तर त्यात क्षार तुमच्या बोअरपेक्षा बरेच कमी असतात, पण तेही पिण्यासाठी आधी. काही घरांत आरओचं फेकलेलं पाणी कूलरमध्ये घालतात. बाष्पीभवनाच्या दृष्टीने काही बिघडत नाही, वर सांगितलंच. फक्त टाकी त्या प्रमाणात जास्त वेळा उपसावी लागेल.

कारखान्यात आम्ही करतो ते घरी छोट्या प्रमाणात करता येतं. कूलिंग टॉवरमधून सतत थोडं पाणी बाहेर सोडतात, त्याला ब्लोडाउन म्हणतात. किती सोडायचं याचं साधं सूत्र आहे: उडालेलं पाणी भागिले (पट वजा एक). क्षार तिपटीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं तर २० लिटर उडण्यामागे दहा लिटर सोडायचं. पंपाच्या पाइपला एक टी आणि छोटा कॉक लावून, बारीक नळीने पाणी बादलीत घेतलं की झालं. हे पाणी संडासात, अंगण धुवायला चालतं. कुंड्यांना घालू नका, तिप्पट खारट आहे. एवढी खटपट नको असेल तर दिवसाआड टाकी पूर्ण उपसा आणि तळ पुसून घ्या. थोडा थर तरीही बसेल, पण सिझन निघून जाईल.

आधीच बसलेला थर काढायच्या आधी त्यावर लिंबाचे चार थेंब पिळून बघा. फसफसलं तर कार्बोनेट आहे, आम्लाने जाईल. अजिबात फसफसलं नाही तर तो जिप्सम किंवा सिलिकाचा थर असू शकतो, त्याला आम्ल काही करत नाही, पॅड बदलायचा. फसफसत असेल तर पॅड काढून वेगळ्या प्लास्टिकच्या टबात किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात, पाच लिटरला शंभर ग्रॅम या बेताने, तासभर भिजवा आणि साध्या पाण्याने नीट धुवा. कूलरच्या लोखंडी टाकीत हे करू नका, आम्ल जस्त आणि लोखंड दोन्ही खातं. संडास धुवायचं ॲसिड तर मुळीच नको. आणि आम्लासोबत ब्लीचिंग पावडर कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्या असतील तर धुवायच्या भानगडीत पडू नका, दरवर्षी नव्या बसवा. वरच्या पाइपची भोकं मात्र सुईने मोकळी करा. बऱ्याचदा एवढ्यानेच निम्मं काम होतं. आणि समोरची खिडकी उघडी आहे ना? खोली बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोलीतली हवाच दमट होते, मग घाम वाळत नाही आणि पाणी कितीही शुद्ध असलं तरी उपयोग नाही.

सॉफ्टनर बसवायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम देतो. मीटरवरचा ११०० जवळपास तिथेच राहील, आणि लोकांना वाटतं यंत्र चालतच नाही. पण थर बसणं थांबतं, कारण सोडियमचे क्षार पाण्याने धुऊन जातात.

मग क्षारांनी बाष्पीभवन खरोखर मंदावतं ते कुठे? जिथे क्षार मिलिग्रॅममध्ये नाहीत, ग्रॅम आणि किलोमध्ये आहेत तिथे. उरण-पालघरकडच्या मिठागरांत समुद्राचं पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत आटवतात. पहिल्या कोंडीत पाणी भराभर आटतं. बोमेच्या मापाने (द्रावण किती दाट हे सांगणारं माप) २५ अंशांच्या आसपास मीठ पडायला लागतं, तोवर पाण्याचा बाष्पदाब गोड्या पाण्याच्या पाऊणपट झालेला असतो. मीठ काढून उरलेलं कडवट पाणी, ज्यात मॅग्नेशियम साठलेलं असतं, ते तर हट्टाने आटतच नाही. मृत समुद्रात हेच निसर्गाने केलंय: क्षार ३४ टक्के, त्यात मॅग्नेशियम क्लोराइडच जास्त, आणि बाष्पदाब गोड्या पाण्याच्या दोन तृतीयांशांच्या आसपास.

इथे हवेचा दमटपणा मोठा खेळ करतो, आणि पुस्तकांत हा भाग बहुतेक वेळा सुटलेला असतो. मिठाचं संपृक्त द्रावण, म्हणजे आणखी मीठ विरघळत नाही इतकं खारट पाणी, ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेशी बरोबरीत असतं. पाणी आणि हवा एकाच तापमानाला आहेत असं धरा. आर्द्रता १५ टक्के असेल तर साध्या पाण्याला बाहेर पडायला ८५ चा जोर मिळतो आणि या द्रावणाला ६० चा, म्हणजे साधारण तीस टक्के कमी. आर्द्रता ६० टक्के असेल तर ४० विरुद्ध १५, साठ टक्क्यांहून जास्त फरक. ७५ टक्क्यांना द्रावण आटायचं थांबतं. आणि जुलैत पाऊस लागून आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेऊन वाढायला लागतं. बरणीतल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ते यामुळेच, आणि मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असेल तर आणखी लवकर, कारण त्याचं संपृक्त द्रावण ३३ टक्के आर्द्रतेलाच बरोबरीत येतं. मे महिन्यात नागपुरात केलेला प्रयोग आणि ऑगस्टमध्ये केलेला तोच प्रयोग वेगळी उत्तरं देतो, आणि दोन्ही बरोबर असतात.

प्रत्यक्षात फरक या हिशेबापेक्षा थोडा कमी येतो. पाणी उडताना स्वतः गार होतं. खारट पाणी कमी उडतं, म्हणून कमी गार होतं, म्हणजे साध्या पाण्यापेक्षा किंचित गरम राहतं. आणि गरम राहिल्याने त्याचा बाष्पदाब थोडा सावरतो.

साबणाबद्दलही विचारतील. साबणाने पृष्ठताण उतरतो, पण बाष्पीभवनाच्या वेगात विशेष फरक पडत नाही. सीटिल अल्कोहोलसारखे न विरघळणारे पदार्थ मात्र पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा घट्ट थर धरतात आणि बाष्पीभवन खरोखर रोखतात. जलाशयांवर त्याचे प्रयोग झालेत, पण वारा आला की थर एका काठाला गोळा होतो. अंबाझरी तलावावर मे महिन्यातला वारा ज्याने अनुभवलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मुलीचा प्रयोग. सारख्या मापाच्या चार स्टीलच्या ताटल्या घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. पहिल्या ताटलीत साधं पाणी, दुसरीत बोअरचं, तिसरीत लिटरला ३५ ग्रॅम मिठाचं, चौथीत तळाला मीठ शिल्लक राहील इतकं खारट. प्रत्येकीत पाण्याचं वजन सारखं, मापाने घ्यायचं नाही. पंखा बंद, ऊन थेट नको, आणि दर दोन तासांनी ताटल्यांच्या जागा फिरवायच्या, कारण खिडकीजवळची ताटली नेहमीच लवकर आटते आणि तो फरक मिठाच्या फरकापेक्षा मोठा असतो. शेजारी आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवलं तर उत्तम.

पहिल्या दोन ताटल्यांत फरक दिसणार नाही. २० सेंटीमीटर व्यासाच्या ताटलीतून दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडालं तर ते ३१४ ग्रॅम, त्याचे ०.०७ टक्के म्हणजे पाव ग्रॅमसुद्धा नाही, काट्याला तो कळणारच नाही. "फरक आढळला नाही" हे तिने तसंच लिहावं आणि हा गुणाकार शेजारी दाखवावा. तिसरीत काही ग्रॅमचा फरक यायला हवा, तोही जागा नीट फिरवल्या तरच. चौथीतला फरक ठळक येईल. फक्त चौथ्या ताटलीत मिठाची पपडी वर तरंगायला लागली किंवा काठावरून चढायला लागली की तिथून पुढची वजनं धरू नका, कारण मग पपडीही आडवी येते आणि आकडा नुसत्या बाष्पदाबाचा राहत नाही.